एक चमचा तांदळाचं पीठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही — आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या ताटाला ताट लावून बसत नाही, म्हणून असेल.

कोमल माझी सून. आसनगावची पोर, कोरियन मालिका बघता बघता तिकडचा स्वयंपाक शिकलेली. मी भातसानगरला धरणावर नोकरी करून निवृत्त झालेला, पिढीजात भातखाऊ. दोन वर्षांपूर्वी माझी साखर वाढली, पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, भात-भाकरी बंद करा, नाहीतर अंगठा जाईल. घरात सुतकी कळा आली.

कोमलनं मात्र पदर खोचला. डॉक्टरांना विचारून माझ्यासाठी किटो, म्हणजे भात-भाकरी-साखर वर्ज्य असलेलं जेवण सुरू केलं — तेही कोरियन! भाताच्या जागी किसलेला फ्लॉवर, त्यावर पालक, अंडं, तिळाचं तेल. कोरियन लोकांच्या लाल चटणीत तांदूळ असतो, गोडही असतं. तिनं दोन्ही काढून टाकलं. आणि किमची, म्हणजे तिखट मसाला चोळून आंबवलेला कोबी. मसाला पानाला धरून राहावा म्हणून त्यात तांदळाच्या पिठाची पेज लागते. तिनं अख्ख्या बरणीला एकच चमचा पीठ घेतलं.

आवडलं का मला? खोटं कशाला बोलू — किमचीवर तर मी जीव टाकायचो. पण...

सांगतो. सांगतोच आहे.

रोज सकाळी शेतावर चक्कर मारतो म्हणून मी निघायचो. शेत सापगावला, आणि शेताला लागून धाकट्या बहिणीचं घर. तिच्या तव्यावर तांदळाची भाकरी फुगलेली असायची. "खा रे दादा, एक भाकरीनं काय नाय होत," ती म्हणायची. अंगठ्याचं मी तिला सांगितलंच नव्हतं. आणि एक कुठली? तीन. सोबत सुक्या जवळ्याची चटणी.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. साखर खाली यायच्या ऐवजी वर गेलेली. डॉक्टरांनी कोमलला उलटसुलट विचारलं — यांना खायला काय काय घालता? ती बिचारी एकेक सांगत गेली आणि शेवटी हळूच म्हणाली, किमचीत एक चमचा तांदळाचं पीठ असतं.

मी शेजारच्याच खुर्चीत होतो. तोंड उघडायला किती वेळ लागतो? मी अंगठ्याच्या पट्टीकडे बघत राहिलो. घरी आल्यावर बायको तिला बोलली, मुलगा बोलला. आणि मी काय म्हणालो? "जाऊ दे रे, चुकतं मानसाचं." म्हणजे वर मोठेपणाही मीच घेतला!

तिनं भरलेली बरणी परसात ओतली. मला ती दिसली बरणी घासताना, पाठमोरी. मग पुन्हा कामाला लागली. पिठाऐवजी भिजवलेला सब्जा वाटून बघितला. चार बरण्या बिघडल्या. पाचवी घेऊन ती माझ्यासमोर आली. "बाबा, खावा आता बिनधास्त. यात तांदूळ नाय."

त्या दिवसापासून मी बहिणीच्या भाकरीला हात लावला नाही. साखर उतरली, जखम भरली. आज मी दोन्ही पायांनी धड बांधावर जातो, ते त्या पोरीमुळे. पोटच्या लेकीनं केलं नसतं एवढं तिनं केलं. रोज ताट पुढं आलं की तिचे उपकार आठवतात आणि मन भरून येतं.

आता शहापूर-मुरबाडच्या बायका तिच्याकडे शिकायला येतात. ती प्रत्येकीला आधी तेच सांगते — पिठाचा एक चमचासुद्धा घालू नका, माझ्या हातून चूक झाली, बाबांचा अंगठा जाता जाता वाचला. मी ओटीवर बसून ऐकतो. परवाही ऐकलं.

कोमल, त्या चमच्यानं काही झालं नव्हतं. भाकऱ्या मी खात होतो.