पुढच्या फळीवरच्या कौसल्याताई

गोसीखुर्द धरणाचे पाणी चढले, आमचे पुनर्वसन झाले आणि शाळा पाण्याच्या पल्याड राहिली. मच्छीमार संस्थेच्या नावेवर मी चालक म्हणून लागलो, तेव्हा अध्यक्ष कौसल्याताई नान्हे यांची ओळख झाली. लोक उतरायच्या आत इंजिन बंद केले म्हणून त्यांनी मला पहिल्याच दिवशी झापले.

इंजिनाचा धूर सोडणारा पाइप नावेच्या मागे, पाण्याच्या जरासा वर निघे. वारा असला की पुढे पाणी उडे, म्हणून माणसे मागे गर्दी करत. मागची बाजू दबे, पाइपाचे तोंड बुडे आणि इंजिन थांबताच पाणी उलटे आत शिरे. एकदा नावेच्या पाण्याखालच्या पंख्यात जाळे अडकले, भर पाण्यात इंजिन थांबवावे लागले. आत पाणी गेले, ते पुन्हा सुरूच होईना. नावेत शाळेच्या मुली होत्या, माझी संगीताही. वल्ही मारत काठ गाठला, पण गावाने पोरींची शाळा बंद केली.

ताईंनी इंजिन दुरुस्त करून घेतले. मिस्त्रीकडून पाइप नावेच्या आतच आधी उंच चढवला, मग बाहेर उतरता केला. तोंडाला रबरी झडप लावली. शिवाय माणसे पुढे बसल्याशिवाय नाव सोडायची नाही, असा नियम केला. पाइपापेक्षा माणसे वाकवणे जड गेले. पोलीस पाटील मागेच बसले होते.

"पाटील, पुढं या."

"पुढं पानी उडून राहिलं न बाई. धोतर भिजते माह्यं."

"धोतर वाळते. इंजिनात पानी गेलं त पोरी शाळेत कायच्यानं जातीन?"

पाटील कुरकुरत पुढे आले. ताईंनी मग खताच्या पोत्यांचा पडदा शिवून पुढे बांधला. स्वतः मात्र पडद्याबाहेर, सर्वांत पुढच्या फळीवर बसल्या. पावसाळाभर पोरींसोबत भिजत त्यांनी ये-जा केली, तेव्हा एकेक घर नरमले. मी चालक, तरी संगीताला पाठवायला माझाच जीव धजत नव्हता. ताई घरी आल्या आणि तिचे दप्तर उचलून चालू लागल्या. त्यांचे हे ऋण मी कधी बोलून दाखवले नव्हते, आज दाखवतो.

संगीता आता त्याच शाळेत शिकवते. ताईंच्या पंचाहत्तरीचा सत्कार तिथेच आहे. त्यांना नेण्यासाठी नावेत मागे सजवलेली खुर्ची मांडायचे गौरव समितीच्या मनात आहे. ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. खुर्ची मात्र पुढेच मांडावी. त्याशिवाय मी नाव सोडणार नाही.