दोन काचांच्या मधलं धुकं

तुमच्या घरी डबल काचेच्या खिडक्या आहेत का? नसतील तर सुखी आहात! शिरूरला आमचं खिडक्यांचं दुकान आहे. माझे मिस्टर फिटिंग करतात, मी फोन घेते, कधी सोबतही जाते. काचांच्या कडेचं सील सुटलं की ओल आत शिरते आणि दोन काचांच्या मध्ये धुकं धरतं. एवढ्याशा धुक्याचे किस्से मात्र पोतंभर साठलेत.

*

मांडवगणला एका घरी सासू बाहेरून शिडीवर आणि सून आतून, दोघी सकाळपासून एकच काच पुसत होत्या.

"तुझ्या बाजूला हाय डाग!"

"न्हाई आत्या, तुमच्याच बाजूला हाय!"

ह्यांनी समजावलं, "मावशी, ते पुसून जायचं न्हाई. धुकं काचांच्या आत हाय. काच बदलावी लागंल."

सासूबाई शिडीवरून उतरल्या आणि हिरमुसून म्हणाल्या, "म्हंजी हिची चूक न्हाईच म्हणा!"

*

शिरूरच्याच एका काकूंचा फोन. "काच धुकटली, गॅरंटीत बदलून द्या!"

हे गेले, खोलीतून काचेवर बोट फिरवलं, तर स्वच्छ रेघ उमटली. म्हणजे वाफ खोलीतलीच! शेजारी गॅसवर पुरणाची डाळ रटरटत होती.

"काकू, डाळ शिजताना खिडकी उघडत जा."

"एवढंच? मग तुमचं बोट कशाला, माझी दहा होती की!"

*

राहू गावच्या आबांचं मात्र मला फार वाईट वाटायचं. पाय मोडला होता, तो जुळून आला. डॉक्टर म्हणाले, "आता चाला, नाहीतर कायमचं अंथरूण धराल." पण आबा उठायलाच तयार नाहीत! पडल्या पडल्या खिडकीतून गोठ्याकडं बघत राहायचे. आणि नेमकी तीच काच धुकटली.

"गाय दिसंना झाली," म्हणून आबांनी सुनेला, मंगलला, कामाला लावलं. जुन्या बांधकामासारखा गूळ-चुना घोटून काचेच्या कडा बुजवून घेतल्या.

थोड्याच दिवसांत मंगलचा फोन. "ताई, धुकं हाय तसंच हाय, आन् आता आत मुंग्या फिरत्यात!"

नवी काच तयार होऊन आली, तसे आम्ही दोघं राहूला गेलो. हे काच बसवत असताना मंगल हळूच म्हणाली, "ताई, आता गाय दिसाय लागली की आबा अजिबात न्हाई उठायचे."



काच बसली. आबांनी डोळे भरून गाय पाहिली. तेवढ्यात मंगल गोठ्यात धारेला बसली, ती वासरू न सोडताच!

"अगं, आधी वासरू सोड! त्याबिगर पान्हा कसा फुटंल?" आबा ओरडले.

डबल काच! आवाज बाहेर कुठला जातोय? कडेला भरलेलं सिलिकॉन अजून ओलं, त्यामुळं खिडकीही उघडायची नव्हती.

"मंगल! वासरू!"

मी म्हटलं, "आबा, मी सांगते जाऊन."

"ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "तिला सांगून कळतंय व्हय!"

दुसऱ्या दिवशी मंगलचा फोन आला. सकाळीच आबा कोपऱ्यात पडून असलेला वॉकर घेऊन गोठ्यात गेले आणि त्यांनी आपल्या हातानं वासरू सोडलं.