सात अंशांवरची घसरण

भूमिका कडू आमच्या शेजारची मुलगी. तिचे वडील शंकरराव नेपानगरच्या कागद मिलमध्ये नोकरीला होते. रिटायर झाल्यावर त्यांनी बुऱ्हाणपुरात लालबाग रोडला घर बांधलं, ते आमच्या भिंतीला भिंत लावून. मी इथल्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. भूमिका मला मावशी म्हणते. पुढची हकीकत मी काही डोळ्यांनी पाहिली, काही तिच्या तोंडून ऐकली.

लहानपणापासून तिचं सगळं सावकाश. घराला कुलूप लावलं तरी दोनदा ओढून बघायची. पार्वतीबाई, म्हणजे तिची आई, वैतागून म्हणायच्या, "चल ना व माय, गाडी का तुह्यासाठी थांबते?" बी.एस्सी. इथल्याच कॉलेजात झाली. एम.एस्सी.ला ती बाहेर पडली आणि पुढे पीएच.डी.साठी रेल्वेने अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच्या एका विद्यापीठात राहिली. ती करते काय, हे गल्लीत कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. "फिजिक्स," शंकरराव सांगायचे आणि विषय बदलायचे.

एकदा दिवाळीत आमच्या ओट्यावर बसून तिने मला समजावलं होतं. ती भट्टीत स्फटिक वाढवायची. काचेच्या बंद नळीत दोन-तीन मूलद्रव्यं घालून कित्येक दिवस तापवायची, मग हळूहळू निववायची. नळीच्या तळाशी अभ्रकासारखे चकचकीत पापुद्रे मिळायचे. त्या पापुद्र्याला बारीक तारा जोडून, तो अतिशय थंड करून, त्यातून वीज कशी वाहते ते मोजायचं.

"तारेतून वीज जाते तेव्हा थोडी वाया जातेच, मावशी. पण काही पदार्थ खूप थंड केले की मुळीच वाया जात नाही. त्यांना अतिवाहक म्हणतात."

"किती थंड?"

"हवासुद्धा गोठून जाईल इतकं."

त्या हिवाळ्यात तिच्या एका पापुद्र्याने तेच करून दाखवलं. थंडी वाढवत वाढवत सात अंश केल्व्हिनशी, म्हणजे ज्याच्या खाली थंडी जाऊच शकत नाही त्या शून्याच्या फक्त सात अंश वर, पोचल्यावर त्याचा विजेला होणारा अडथळा एकाएकी घसरला आणि पार शून्यावर आला. त्या पदार्थात असं होतं, हे तोवर कोणी पाहिलेलं नव्हतं. तिच्या गाइडना, विपुल सरांना, इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्या विभागाला पेढे वाटले. शोधनिबंध घाईघाईने लिहून एका जर्नलकडे पाठवला गेला.

भूमिकाने तेव्हाच विचारलं होतं, "सर, चुंबकीय तपासणी बाकी आहे ना?" खरा अतिवाहक चुंबकाचं क्षेत्र आपल्या आतून बाहेर ढकलतो. तेवढं दिसलं की शंकेला जागा राहत नाही. पण ते यंत्र दुसऱ्या संस्थेत होतं आणि बंद पडलेलं होतं. सर म्हणाले, "ते होईल मागून. दुसऱ्या कोणी आपल्या आधी छापलं तर?"

विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात सर या कामाबद्दल चार वाक्यं बोलले. समोर एक वार्ताहर बसलेला होता. दोन दिवसांनी इथल्या एका हिंदी पेपरात भूमिकाचा फोटो आला, वर मथळा, "बुरहानपुर की बेटी ने खोजी बिना नुकसान की बिजली."

मग काय विचारता. पार्वतीबाईंकडे मावा जिलबीचे डबे घेऊन माणसं यायला लागली. शंकररावांनी ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं. समाजाचे अध्यक्ष समाधानभाऊ, इच्छापूरचे केळीवाले, स्वतः घरी आले आणि सांगून गेले की दहावी-बारावीच्या गुणवंतांसोबत यंदा भूमिकाचाही सत्कार होणार. रविवारही ठरला. भूमिकाला हे फोनवरच कळलं.

"तिला आनंद नाही झाला का व?" मी पार्वतीबाईंना विचारलं.

"हो म्हणाली. पण जेवत नाही म्हणते तिची रूममेट. घासभर खाते अन् उठते."

तिचं जेवण कशाने सुटलं होतं ते मला पुढे कळलं. निबंध पाठवून झाल्यावर ती आकडे पुन्हा बघत होती. ती शून्याची घसरण अगदी लहानशा चुंबकानेसुद्धा नाहीशी होत होती. या जातीच्या पदार्थात ती इतकी नाजूक असायला नको होती. आणि मग तो सात हा आकडा. हा आपण आधी कुठे तरी वाचलेला आहे, असं तिला वाटत राहिलं. एका दुपारी मेसमध्ये ताटावर बसल्या बसल्या तिला आठवलं. शिसं सात अंशांच्या आसपास अतिवाहक होतं. रेडिओच्या तारा जोडायला जे सोल्डर, म्हणजे डाख, वितळवून लावतात, त्यात शिसं असतं. आणि पापुद्र्याला तारा तिने सोल्डरनेच जोडल्या होत्या, कारण चांदीची पेस्ट थंडीत सुटून येत होती.

ती तशीच उठली. शेजारी जेवत असलेली लॅबमधली मैत्रीण हिमानी मागून विचारत राहिली, "अरे, कहाँ जा रही है, खाना तो खा ले." भूमिकाने लॅबमध्ये जाऊन तो पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली उलटा करून ठेवला. वरून सगळं स्वच्छ दिसत होतं. खालच्या बाजूने मात्र सोल्डर वितळून कडेने आत शिरलेलं होतं आणि या तारेपासून त्या तारेपर्यंत एक बारीक चंदेरी ओघळ गेला होता. वीज स्फटिकातून जातच नव्हती. ती त्या ओघळातून जात होती.

तरीही तिने लगेच कोणाला सांगितलं नाही. नमुने थंड करायला लागणाऱ्या द्रव हेलियमची पाळी हिमानीला मिळाली होती, त्यातली थोडी तिने मागून घेतली. त्याच भट्टीतला दुसरा पापुद्रा निवडला, चांदीची पेस्ट धीराने तीन-तीनदा लावून पक्की केली आणि सकाळी मोजमाप सुरू केलं. दहा अंश, नऊ, आठ. सातवर रेघ जशी होती तशीच पुढे गेली. पाचवरही तशीच.

"मला आधी भूक लागली, मावशी," ती मला म्हणाली. "खरंच. रडू वगैरे नाही आलं. हिमानीने आणि मी खाली जाऊन पोहे खाल्ले. मग मात्र सरांचं दार वाजवायची हिंमत होईना."

विपुल सरांनी आलेख बघितला आणि दार लावून घेतलं. सातच्या आकड्याशी त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "अजून एका नमुन्यावर बघू." दोघांनी मिळून बघितलं. त्यातही काही नव्हतं. सर खुर्चीत मागे टेकले.

"निबंध अजून परीक्षकांकडेच आहे," ते म्हणाले. "मी आत्ता मेल करून परत घेतो. छापून आला असता आणि दुसऱ्या कोणी हे शोधलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तू 'थांबा' म्हणत होतीस. मी थांबायला पाहिजे होतं."

भूमिकाला वाटलं होतं की आता शिव्या बसतील, कदाचित पीएच.डी.च जाईल. सरांनी तिच्यासमोर मेल लिहिली, तिला वाचायला दिली आणि पाठवून टाकली. "पेपरवाल्यांनाही मी कळवतो," ते म्हणाले, "आणि तू दोन दिवस घरी जाऊन ये. सत्कार आहे ना तुझा?"

तेच तर अवघड होतं. विद्यापीठातली माणसं समजून घेतील, पण पप्पांना कसं सांगायचं? शनिवारी ती आली तेव्हा मी त्यांच्याकडेच बसले होते. शंकरराव नवा सदरा इस्त्री करून बसले होते. तिने पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगितलं.

"पप्पा, ते खरं नाही निघालं."

"काय खरं नाही?"

"पेपरातलं. माझी चूक झाली. स्फटिकाचं वाटलं ते सोल्डरचं होतं. आम्ही निबंध परत घेतला."

पार्वतीबाई स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. शंकररावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला.

"तुले काढलं का मग तिथून?"

"नाही. काम चालू आहे. सर रागावले नाहीत."

"मंग आता मले कोणी विचारलं तर काही सांगायचं नाही ना?"

"काय सांगायचं नाही?"

"ते बिजलीचं." शंकरराव हळूच बोलले. "बेटा, महिना झाला मी चौकात चहाले गेलो नाही. गुप्ताजी रोज विचारतात, बिल कब से बंद होगा. पंपवाला जीवन विचारते, मोटर फुकट चालंन का. मले काय सांगता येते? मी म्हणतो पोरगी आली म्हणजे विचारतो. मले त भेव लागे, आता हे लोकं घरी येतीन."

भूमिका त्यांच्याकडे बघतच राहिली. मग खाली जमिनीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पार्वतीबाई म्हणाल्या, "आधी हातपाय धुऊन घे, जेवाले बस," आणि त्या दिवशी तिने चार पोळ्या खाल्ल्या.

संध्याकाळी शंकररावांनी समाधानभाऊंना फोन लावला की सत्कार राहू द्या. भाऊ ऐकायला तयार नव्हते. "मंडप झाला, आचारी सांगितला, पत्रिकेत नाव छापलं. तिले येऊ द्या. काय झालं ते तीच सांगंन."

म्हणून रविवारी ती मंगल कार्यालयाच्या स्टेजवर उभी राहिली. आधी दहावीच्या मुलांना पेनं वाटून झाली. मग तिचं नाव पुकारलं गेलं. शाल अंगावर पडायच्या आधीच तिने माइक मागून घेतला.

"पेपरात माझ्याबद्दल जे आलं ते चुकीचं ठरलं आहे," ती म्हणाली. "मीच पुन्हा तपासलं तेव्हा कळलं. शोध लागलेला नाही. वीजबिल काही कमी होणार नाही. तुम्ही आनंदाने बोलावलंत, म्हणून मला इथे येऊन सांगावंसं वाटलं."

थोडी कुजबुज झाली. मागे कोणी तरी म्हणालं, "फिर बुलाया क्यों?" जळगावला नातेवाइकांना कात्रण पाठवून बसलेले एक काका खाली बघत राहिले. पहिल्या रांगेत देडतलाईच्या धुरपदाबाई होत्या, समाधानभाऊंच्या मावशी. कान जरा कमी, म्हणून त्या मोठ्याने बोलल्या.

"पोरी, मंग तुह्यं नाव कटलं का शाळेतून?"

"नाही आजी. शिकणं चालूच आहे."

"मंग कायचं टेन्शन. घे ती शाल."

सगळे हसले. समाधानभाऊंनी शाल तिच्या खांद्यावर टाकली, नारळ दिला आणि पुढचं नाव पुकारलं. तासाभराने पंगती बसल्या तेव्हा तिच्याशेजारी बसायला बाया सरकून जागा करत होत्या आणि स्थळांची चौकशी चालली होती. शंकरराव वाढणाऱ्यांत मिसळून वरणाची बादली घेऊन फिरत होते. मी त्यांना इतकं मोकळं रिटायरमेंटनंतर पहिल्यांदाच पाहिलं.

पुढचं काम सोपं नव्हतं. ती एक वर्ष मागे पडली. पण चांदीच्या पेस्टने तारा जोडून नीट मोजलेल्या रेघेत, त्याच केल्व्हिनच्या मापाने दीडशे अंशांच्या जवळ, एक लहानसा वाक होता. आधी सगळ्यांची नजर सातवर असल्याने त्याच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. त्या तापमानाला पापुद्र्यातले अणू आपली मांडणी किंचित बदलतात, असं तिने दोन वेगवेगळ्या रीतींनी दाखवलं. पेपरात छापण्यासारखं त्यात काही नव्हतं. जर्नलने मात्र दोन फेऱ्यांच्या प्रश्नांनंतर तो निबंध घेतला, आणि शेवटी सोल्डरने कशी फसगत होते त्यावरचा एक परिच्छेदही तसाच ठेवला. तो सरांनीच आग्रहाने घालायला लावला होता.

गेल्या थंडीत तिची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच परिच्छेदावर तिला सर्वांत जास्त विचारलं आणि शेवटी म्हणाले की आमच्या लॅबमध्येही एकदा असं झालं होतं, आम्हाला ते छापून आल्यावर कळलं. तिने फोनवर फक्त "झालं" एवढंच म्हटलं. पार्वतीबाईंनी गॅस बंद केला आणि त्या आमच्याकडे सांगायला आल्या तेव्हा त्यांच्या हाताला कणीक तशीच होती.

आता तिला बेंगळुरूला दोन वर्षांचं काम मिळालं आहे, त्याच स्फटिकांवर. परवा आम्ही सगळे तिला स्टेशनवर सोडायला गेलो. सामान लावून झालं, डब्यातल्या लोकांशी बोलून झालं. गाडीला सिग्नल मिळायला वेळ होता, म्हणून ती आत बसली आणि आम्ही फलाटावर उभे राहिलो. शंकररावांनी खिडकीतून आत डोकावून पाहिलं आणि तिला हाक मारायला निघालेल्या पार्वतीबाईंना हाताने थांबवलं.

"झोपली," ते म्हणाले. "उठवू नको."