जोडीनं न चालणारे दोन प्रोसेसर

आमच्या रेणापुरात वर्षाराणीइतका गोड चेहरा आणि तिच्याइतका लांबलचक राग दुसऱ्या कुणाचा नाही. शेजारी म्हणून सांगतो. मधली भिंत एकच आहे, ऐकू सगळं येतं.

तिचा दीर दयानंद लग्नाचं शूटिंग करतो. व्हिडिओचं मिक्सिंग, म्हणजे कापून-जोडून सजवणं, वर्षानुवर्षं हिनं केलं आणि पडद्यावर नाव आलं त्याचं. एकदा ही म्हणाली, "भाऊजी, खाली बारीक अक्षरात माझं बी टाका की." तो चार पाहुण्यांत खिदळला, "कॉम्प्युटर माझा हाय वहिनी, तू तर नुसती बटणं दाबतीस." दुसऱ्या दिवशी त्यानं हिची खुर्चीच उचलली. ही मात्र दिराला हसून चहा देत राहिली. तिथंच मला धडकी भरली.

मग हिनं बोरमाळ मोडली आणि नांदेडहून जुन्या सर्व्हरचा मदरबोर्ड आणला, एकाच वेळी दोन प्रोसेसर बसणारा. मला घरात बोलावून म्हणाली, "काका, मी काय घेतलं ते भाऊजी तुम्हाला विचारतात ना?"

"रोज. पानटपरीवर."

"मग ऐका. ह्या बोर्डात दोन जातींचे प्रोसेसर बसतात. एक जात जोडीनं काम करते. दुसरीचा वेग जास्त, पण ती एकलकोंडी. शेजारी दुसरा बसवला की मशीन सुरूच होत न्हाई. मी जोडीचे घेतलेत. तुम्ही त्यांना बोर्ड खरा सांगा. प्रोसेसरचं एवढंच म्हणा, जास्त वेगाचे बघून दोन घ्या."

"पोरी, पाप लागंल गं."

"तुमच्या तोंडात तीळ भिजत न्हाई काका, आज तेवढं माझ्या कामाला येऊ द्या."

आलं की! दयानंदनं तसाच बोर्ड आणला, वेग बघून दोन प्रोसेसर घेतले, नवं मशीन चालवून बघायच्या आधीच जुना कॉम्प्युटर विकून टाकला आणि हणमंतरावांच्या लेकीच्या लग्नाचं काम धरलं. सकाळी हळद, तिचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी अक्षतांच्या आधी मंडपातल्या मोठ्या एलईडी पडद्यावर.

हळद झाली. दयानंदच्या नव्या मशीनचे पंखे फिरले, पडदा काळा तो काळाच. दुपारी हणमंतराव बुलेटवरून थेट हिच्या दारात. मागच्या सीटवर दयानंद, मुठीत मेमरी कार्ड.

"वहिनी, इज्जतीचा सवाल हाय," दयानंद म्हणाला.

"कुणाच्या?" वर्षाराणीनं शांतपणे विचारलं. "करते मी. पण नाव माझं, सगळ्यात आधी आन् सगळ्यात मोठं. आन् भाऊजी, मंडपात त्या पडद्याचं शूटिंग तुम्ही सोता करायचं."

हणमंतरावांनी दयानंदकडं असं पाहिलं, की तो "हाव" म्हणून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी भर मंडपात एलईडीभर अक्षरं उमटली: मिक्सिंग, वर्षाराणी. हळदीची नवरी मागाहून. खांद्यावर कॅमेरा घेऊन दयानंद समोर उभा, कान लालभडक.

"भाऊजी, नाव कापू नका बरं का," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आन् तुमच्या मशीनमधला एक प्रोसेसर नुसता काढून ठिवला असता तरी चाललं असतं की ते. बटणं दाबणारीला इचारायचं व्हतं."

दयानंदनं कॅमेरा तसाच धरून मान माझ्याकडं वळवली. मी घाईघाईनं अक्षता मागायला पुढच्या रांगेत गेलो.