बिनतारखेची पत्रे

आपले वडील मूर्ख आहेत, असे तुम्हांला कितव्या वर्षी वाटू लागले? मला सतराव्या वर्षी वाटले, आणि त्या वर्षी मी ते सिद्धही करून दाखवले.

पेशवाईची ती अखेरची वर्षे होती. वडील शहरातल्या एका सरदाराच्या दफ्तरात कारकून होते. सरदाराची गावे हडपसरच्या पुढे पसरलेली होती, आणि तिथल्या पाटलांना जाणारी हुकुमाची पत्रे वडील लिहीत. अक्षर असे की ओळ कुठे सुरू झाली आणि बोरू कुठे उचलला हे शोधून सापडू नये. बोलणे मात्र जवळजवळ नाहीच. घरात आई बोले, मी बोले, ते ऐकत. मी त्यांच्या हाताखाली उमेदवार म्हणून लागलो, तेव्हा वाटेत तरी चार शब्द बोलतील अशी आशा होती. वाटेत ते माझ्या दोन पावले पुढे चालत.

दफ्तरात त्यांची एकच ख्याती होती, विसराळूपणाची. पत्राच्या शेवटी तारीख घालायला ते विसरत. शिक्का मारणारा मजकूर वाचत नसे, त्यामुळे पत्र तसेच जाई. पण गावचा पाटील बिनतारखेच्या पत्रावर काही करत नसे. उद्या कोणी म्हणाले की हा हुकूम जुना, मागेच रद्द झालेला, तर मान त्याची अडकायची. म्हणून तो पत्र आणणाऱ्या जासुदाबरोबरच ते परत पाठवी. मग सरदाराचे दिवाणजी सगळ्यांसमोर वडिलांना बोलावत.

"अहो, आपल्याकडे पंचांग येतं ना? की आपल्या आळीत तिथी उगवतच नाही?"

सगळे हसत. वडील मान खाली घालून तारीख घालत. पत्र पुन्हा निघेपर्यंत पंधरा दिवस, कधी महिना गेलेला असे.

मला लाज वाटे. बरोबरीचे उमेदवार मला विचारत, "काय रे, आज वार कोणता? घरी विचारू नकोस हां, पंचाईत होईल." माघ संपता संपता दिवाणजींनी बजावले की आणखी एक पत्र परत आले तर वडिलांना घरी बसावे लागेल. वडील "बरं" म्हणाले. एवढेच.

त्यानंतर चारपाच दिवसांनी ते एक पत्र पुरे करायला घरी घेऊन आले. शिक्का आधीच झालेला होता. दुपारी ते आंघोळीला उठले. पत्र पाटावर होते, शेजारी बोरू, शाई वाळवायची वाळू. मी ते वाचले. हे मी लपवणार नाही, वाचले. सरदारांना हडपसरच्या पुढे आंब्याची बाग करायची होती. त्या जागेवर माळ्यांची तीन घरे होती आणि त्यांनी स्वतः खणलेली विहीर. पत्र पोचताच घरे उठवावीत, उभ्या पिकासह जमीन ताब्यात घ्यावी, असा हुकूम होता. सगळे वाचून मला दिसले ते इतकेच, की खाली तारीख नाही.

वडिलांच्या अक्षरावर अक्षर गिरवूनच मी लिहायला शिकलो होतो. तारीख घातली. त्यांनीसुद्धा ओळखली नसती. वर वाळू टाकली, झटकली, आणि दारात वाट पाहत बसलेल्या जासुदाच्या हाती पत्र दिले.

वडील बाहेर आले. पाट रिकामा.

"पत्र?"

"दिलं. तारीख राहिली होती बाबा. मी घातली."

मी शाबासकीची वाट पाहत होतो. त्यांनी पगडी डोक्यावर ठेवली, उपरणे घेतले आणि जेवायचे ताट वाढलेले असताना बाहेर पडले. दिवेलागणीला परतले तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले होते. आई म्हणाली, "अहो, होतात कुठं? सगळं गार झालं." ते म्हणाले, "भूक नाही." त्यांच्या कामात मी हात घातला म्हणून ते रागावले, असे मी ठरवून टाकले. जासूद घोडीवर जातो आणि पन्नाशीचा कारकून पायी जातो, हा हिशेब मला सुचला नाही.

आठवड्याने त्या गावचा पाटील काही कामाने शहरात आला, तो आमच्या दाराशीही आला. आत या म्हटले तरी पायरीवरच बसला. मी पाणी आणून दिले.

"कारकूनसाहेब, या खेपेला तारीख इसरला न्हाईसा."

"नाही," वडील म्हणाले.

"गहू पिवळा पडला हुता. पंधरा दिस मिळालं असतं तर कापून तरी नेला असता त्यांनी. पर तारीख हाय म्हटल्यावर माझा विलाज न्हाई."

"कुठे गेली माणसं?"

"लोणीकडं गेली म्हंत्यात. म्हातारी गाडीत बसंना. हिरीच्या काठाला धरून बसली हुती. उचलून घातली."

वडिलांनी माझ्याकडे पाहिले नाही. पाटलाने पाहिले. "ह्यो पोरगा व्हय? ह्यो बी लिवतो?"

"लिहितो," वडील म्हणाले. "माझ्यासारखंच लिहितो."

मला अभिमान वाटला! त्या वाक्याचा मला अनेक वर्षे अभिमान वाटत होता.

दिवाणजीही खूश झाले. तारीख कोणी घातली, हे मीच सांगितले होते. त्यांनी हुकूम दिला की यापुढे वडिलांचे प्रत्येक पत्र माझ्या नजरेखालून जावे. तसे ते जाऊ लागले. त्यानंतर वडिलांचे एकही पत्र परत आले नाही.

मग पेशवाई गेली, सरदाराचे दफ्तर मोडले, वडील घरी बसले. मुंबईहून छापील पत्रके येऊ लागली आणि मी त्यांवर पोसलो. एकेक पत्रक फाटेपर्यंत वाचले. रयतेवरचा जुलूम, विटाळ, वेठ, सगळ्यावर मी कट्ट्यावर उभा राहून बोलू लागलो. पहिले पत्रक स्वतः लिहिले ते कारकुनांवर. सुंदर अक्षरात अन्याय लिहून देणारे आणि घरी येऊन स्वस्थ जेवणारे हात, असे त्यात एक वाक्य होते. ते मी वडिलांना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

"खाली तारीख घाल," म्हणाले.

त्याच पावसाळ्यात ते गेले.

दिवस उरकल्यावर आईने लोणच्याची बरणी काढली. तोंडावरच्या फडक्याला, दादऱ्याला, वडिलांच्या अक्षरातली चिठ्ठी बांधलेली होती: महिना, तिथी, वार. आमच्या घरातल्या प्रत्येक बरणीवर ती असे. मी जन्मापासून ती पाहत होतो. मी म्हणालो, "बाबा लोणच्याची तारीख विसरत नसत, दफ्तरातली मात्र..."

आईचा हात थांबला. "तुझा पहिला दात पडला तो वार सांगायचे ते. विसरायचे होय?" मग बरणीत पाहतच म्हणाली, "एवढी पत्रकं वाचतोस. परत यायची ती पत्रं कसली असायची, हे कधी आठवून पाहिलंस?"

आठवले. दफ्तरात मी ती सगळी पाहिली होती. वेठीला माणसे धरण्याचे एक. कोणाचे घर जप्त करण्याचे एक. नवऱ्याच्या वाट्याच्या जमिनीवरून विधवेला काढण्याचे एक. सरदाराकडच्या मुंजीचे आमंत्रण, देवळाला दिलेली जमीन, पाटलाच्या मुलाला मान, यांतले एकही पत्र कधी परत आले नव्हते.

मला त्यांचा राग आहे, अजून आहे. उघड नाही म्हणायचे होते. दिवाणजींच्या तोंडावर बोरू मोडायचा होता. पंधरा दिवस मिळवून कोणाचे घर वाचते? पण गहू वाचतो, हे पाटलाला कळत होते आणि मला कळले नाही. आणि मुलाला का सांगितले नाही? याचे उत्तर मला ठाऊक आहे. त्या वयात मी ते न्यायाने, तत्त्वाने, ताठ मानेने दिवाणजींना जाऊन सांगितले असते. वडिलांनी मला ओळखले होते. मी त्यांना ओळखले नाही.

वाचकहो, हे पत्रक वाचून घडी घालून ठेवू नका. हडपसर किंवा लोणीच्या बाजूला जाणे झाले तर बरोबर न्या. ज्यांच्यासाठी ते लिहिले आहे त्यांना वाचता येत नाही, म्हणून चावडीवर मोठ्याने वाचा. विहीर सोडून आलेली माळ्यांची तीन घरे तिथे कोणाला माहीत असतील, तर त्यांना एवढे सांगा: ती तारीख कारकुनाने घातली नव्हती, त्याच्या मुलाने घातली. आणि ती म्हातारी हयात असेल, तर तिला आधी सांगा.