तुझ्या अव्वाच्या हातून नको

"पायलोरिक स्टेनोसिस," डॉक्टर म्हणाले, आणि यांनी लेकीकडे बघितलं. मी शेजारच्याच स्टुलावर बसले होते, पण माझ्याकडे नाही, नंदाकडे. दुखणं काय आहे हे कळायच्या आधी मला ती नजर कळली, आणि माझ्या पोटात आग पडली.

मग डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. जठरातून अन्न पुढे आतड्यात जातं ते दार आवळलं गेलंय. जुना अल्सर म्हणजे आतली जखम, ती भरताना वण पडून दार बंद होत आलंय. "किंवा गाठ असेल. ती कॅन्सरची आहे का, हे पोट उघडल्यावरच कळेल. नांदेडला घेऊन जा."

तुमच्या घरात कोणी सकाळी खाल्लेला भात संध्याकाळी जसाच्या तसा उलटून टाकत असेल, तर खायच्या सोड्यावर दिवस काढू नका. आम्ही काढले.

हे पेंटर होते. पाट्या रंगवायचे. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, त्यामुळे गावोगावच्या शाळांवर, सोसायट्यांवर, दवाखान्यांवर 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून 'जिल्हा लातूर' लिहायचं काम निघालं. सायकलला रंगाचे डबे अडकवून हे पार औशापुढच्या खेड्यांपर्यंत जायचे. परत आले की कोणत्या गावात पाटी कशी दिसते ते सांगायचे. नंदाला सांगायचे. मी भाकरी थापता थापता ऐकायची.

आणि वर दुष्काळ. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. आम्ही लिंगायत. हे पूजेचे भारी कडक. आंघोळ करून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय घास घ्यायचे नाहीत. आंघोळ नाही तर पूजा नाही, पूजा नाही तर जेवण नाही. घरात एक बादली उरली की म्हणायचे, "नंदीचे केस लई लांब हायत, तिला न्हाऊ दे. मी उद्या करतो." तो उद्या कधी दोन दिवसांनी यायचा. तोवर नुसता चहा. "चहाला कुठं पूजा लागती?" म्हणून हसायचे. रिकाम्या पोटी तो काळाकुट्ट चहा आणि वर पोट जळतं म्हणून सोडा. देवाचा नेम चांगलाच, पण डॉक्टरांना सांगून पाळावा.

केस माझेही लांब होते तेव्हा. कोणी विचारलं नाही.

निघायच्या आधी लातुरातच बेरियम मील नावाची तपासणी झाली. खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध प्यायला देतात आणि मग एक्स-रे काढतात, म्हणजे अन्न कुठे अडतं ते दिसतं. ग्लास बघून हे म्हणाले, "जन्मभर पांढरा लावला, आता प्यायची येळ आली." नंदा हसली. मला हसू आलं नाही, कारण ग्लास तिच्या हातात होता.

एसटीनं अहमदपूर, लोहा करत नांदेडला गेलो. वॉर्डातल्या नळाला धो धो पाणी. यांनी पहिलं काम काय केलं तर आंघोळ, आणि खाटेवर बसून पूजा. जेवण मात्र बंदच होतं. नाकातून रबरी नळी, रायल्स ट्यूब म्हणतात तिला, जठरात सोडलेली. साचलेलं सगळं त्यातून बाहेर काढतात. हाताला सलाइन. ऑपरेशनच्या आधी अंगात ताकद भरावी लागते, म्हणून आठवडाभर थांबायचं होतं.

शेजारच्या खाटेवर अर्धापूरचे एक चाचा होते आणि त्यांची बायको खैरूनबी. चाचा दिवसभर ओरडायचे. उशी सरकव, पाय चेप, कुठं मेली होतीस. ती बिचारी चरकात घातल्यासारखी फिरायची. आणि आमचे हे? "तू जेवून ये. तू बस. तुला तरास नको." अंग पुसायचं तर नंदा, कूस बदलायची तर नंदा. मी भिंतीला टेकून पाहुण्यासारखी बसलेली.

एकदा डोळ्याला पदर लावला तर खैरूनबी म्हणाली, "असला नवरा नशिबानं मिळतो माय. माझ्यावाला तर जीव काढून ऱ्हायला. अन् तू रडून ऱ्हायली?"

काय सांगणार तिला? मला तिचा हेवा वाटत होता. शिव्या का होईना, तिच्या नावानं होत्या.

ऑपरेशनच्या सकाळी नर्स आली. गळ्यातलं, हातातलं सगळं काढून घरच्यांकडे द्या म्हणाली. यांचा चेहरा पडला. आमच्यात लिंग अंगावेगळं करत नाहीत. मेल्यावर समाधीत बसवतात तेव्हाही स्वामी, म्हणजे आमचे पुजारी, ते घरच्यांकडे मागतात आणि माणसाच्या हातातच ठेवायला लावतात. यांनी लिंगाची चांदीची डबी शिवदाराच्या दोऱ्यासकट गळ्यातून काढली, डोळ्याला लावली. मी ओंजळ पुढे केली.

यांनी ती नंदाच्या हातात दिली.

माझी ओंजळ तशीच राहिली. स्ट्रेचर गेलं. दार लागलं. नवरा आत पोट फाडून घेतोय आणि बाहेर मी सतरा वर्षांच्या पोटच्या पोरीवर जळतेय, अशी ती सकाळ गेली. नंदा डबी छातीशी धरून बसली होती. मी तिच्या बाकावर बसले नाही.

सर्जन बाहेर आले. "गॅस्ट्रोजेजुनोस्टॉमी केली," म्हणाले. म्हणजे बंद दाराच्या बाजूने जठर आणि आतडं जोडून नवी वाट काढली. "कॅन्सर दिसत नाही. जुना वणच आहे. तरी तुकडा बायोप्सीला पाठवतो." बायोप्सी म्हणजे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. तोही पुढे चांगला निघाला. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरले नाही. शुद्धीवर आल्यावर यांच्या गळ्यात डबी घातली नंदानं. मी तेव्हा सलाइनच्या बाटल्या आणायला गेले होते. त्यातही माझंच नशीब आडवं आलं.

लातूरला परत आलो. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खायचं. यांची पेज नंदा करायला लागली आणि माझा बांध फुटला. तिच्या हातातली पळी हिसकून मी म्हणाले, "तू लेक हायस का सवत? लिंगसुद्धा तुलाच देतेत!"

पोर पांढरीफटक पडली. मग रडत म्हणाली, "अव्वा, आप्रेशनच्या आदल्या दिवशी अप्पा म्हनले, मी उठलो न्हाई तर स्वामी लिंग मागतील, ते तू दे. तुझ्या अव्वाच्या हातून नको. तिनं मला रोज ताट वाढलंय. तिच्या हाताला ते झेपायचं न्हाई."

कोणाला वाटेल मी विरघळले असेन. मी तरातरा बाहेर गेले. हे अंगणात खाटेवर बसून ब्रश धूत होते.

"मला जड झालं असतं म्हनून पोरीला दिलं? तिला हलकं होतं व्हय? बाकावर बसून ती काय धरून ऱ्हायली होती, ठाव हाय का तुमाला?"

यांनी ब्रश डब्यात बुचकळून निथळला. मग ब्रश खाली ठेवून म्हणाले, "चुकलं. तुला जपायला गेलो."

"जपायला मी काय काचेची हाय?"

मी पाठ फिरवून आत आले. थोड्या वेळानं अंगणातून हाक आली. "ए, पाणी दे की. कुठं बसलीस?" लग्नाला वीस वर्षं होत आली होती, आणि हा माणूस पहिल्यांदा माझ्यावर खेकसला होता. मी गाल फुगवून पाणी दिलं. आत जाऊन मग पोटभर रडले.

त्यानंतर हे पुष्कळ जगले. नंदाचं लग्न मुखेडला लावलं, नातवंडांच्या पाटीवर अक्षरं काढून दिली, आणि मला रोज काही ना काही मागितलं. आजारी माणसांनो, तुमच्या बायकोला त्रास द्या. तिला बाजूला बसवून ठेवू नका. ओझ्यानं बाई मरत नाही, रिकाम्या हातानं आतून तुटते.

शेवटी गेले ते झोपेतच. समाधीत बसवल्यावर स्वामींनी लिंग मागितलं. नंदा पुढे झाली, तिचा हात आपोआप डबीकडे गेला. इतक्या वर्षांनी, भरल्या डोळ्यांनीसुद्धा, मला पुन्हा तीच आग लागली.

"बाजूला हो," मी म्हणाले.

आणि यांचा डावा तळहात उघडून त्यावर मीच ठेवलं. हात थंड होता. बोटांच्या पेरांत अजून पांढरा रंग होता. जड होतं ते, यांनी खोटं सांगितलं नव्हतं. पण ते माझं होतं.