भाऊजींनी विचारलेलं गोत्र

आमच्या भाऊजींइतका धर्माला घट्ट धरून बसलेला आणि त्याच धर्मावरून सगळ्या जगाशी भांडणारा माणूस अख्ख्या जबलपुरात दुसरा झाला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी डिफेन्सच्या फॅक्टरीत, घर चेरीतालला, आणि मुक्काम कायम शास्त्रात. कीर्तनाला गेले की पहिल्या रांगेत बसायचे आणि ऐन रंगात आलेल्या बुवांना हात वर करून सांगायचे, "बुवा, ही कथा तुम्ही उलटी सांगून राहिले." बुवा बिचारे घाम पुसत पुन्हा मागे जायचे. पुढे पुढे तर नागपूरहून येणारे एक कीर्तनकार मंडपात शिरायच्या आधी विचारून घेत, "ते फॅक्टरीवाले आले आहेत का?" आणि आले असले तर आख्यान बदलत.

माझ्या स्वतःच्या लग्नात या माणसाने काय केलं ते मी अजून विसरले नाही. गुरुजींना त्या दिवशी दुसरं एक लग्न होतं, म्हणून त्यांनी मंगलाष्टकातलं एक कडवं गाळलं. कोणाच्या बापाला कळलं नसतं! पण भाऊजींनी पुढे होऊन अंतरपाट धरला आणि म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून." गुरुजी म्हणाले, "अहो, मुहूर्त टळेल." भाऊजी म्हणाले, "माझ्याजवळ पंचांग आहे, टळत नाही." मग त्यांनी स्वतः गायला सुरुवात केली. आवाज असा की बँडवाल्याने घाबरून एकदा मध्येच वाजवून पाहिलं. मी हातात हार घेऊन अवघडून उभी, पलीकडे आमचे हे उभे, आणि सासूबाई माझ्या आईला विचारून राहिल्या, "हे गृहस्थ नेमके कोणाकडचे?" आईने सरळ सांगितलं की तुमच्याकडचे असतील असं वाटलं.

सोवळ्याचं रेशमी कापड घ्यायला ते मला आणि ताईला बडा फुहाऱ्याच्या बाजारात घेऊन जायचे, तो तर आमच्या जिवाला घोर. दुकानदाराने कापडाचं थान उलगडलं की यांचा पहिला प्रश्न, "भैया, ये किसी ने पहना तो नहीं?" दुकानदार म्हणायचा, "दादा, पूरा थान है, थान कौन पहनेगा?" "आपने खाना खाके हाथ धोया था?" "सुबह से चाय भी नहीं पी दादा." एवढं झाल्यावर कापड पसंत पडायचं नाही ते नाहीच, आणि आम्ही दोघी त्या दुकानदाराची नजर चुकवत बाहेर पडायचो. तरी दरवर्षी तोच दुकानदार यांना पाणी विचारायचा आणि बसायला गादीवर जागा करून द्यायचा. हे माणसाला छळत, पण माणसाचा अपमान करत नसत. तेवढं मला, त्यांच्यावर सदा करवादणाऱ्या साळीलाही, कबूल करावं लागतं.

निवृत्तीनंतर भांडायला फॅक्टरी उरली नाही, तेव्हा ते टीव्हीशी भांडू लागले. बसून नाही, उभं राहून. आणि त्या उन्हाळ्यात टीव्हीवर एकच विषय होता. दिल्लीच्या मोठ्या कोर्टात दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी लग्न केलं तर ते कायद्याने मानायचं की नाही, यावर रोज सुनावणी चालली होती. भाऊजींच्या अंगात वारं शिरलं. आमच्या मराठी मंडळाने या विषयावर चर्चा ठेवली आणि त्यात यांना बोलायला उभं केलं. भाऊजी बोलले, आणि खोटं काहून सांगू, चांगलं बोलले. विवाह हा सोळा संस्कारांतला एक संस्कार, तो काही दोन माणसांचा करार नव्हे. त्यात पितरांचं ऋण आहे, कन्यादान आहे. "दोन मुलींच्या लग्नात कन्यादान कोण कोणाला करणार, एवढं मला कोणी समजावून द्या," असं म्हणून ते थांबले आणि टाळ्या पडल्या. मग कोणीतरी मागून ओरडलं की असली पोरं ज्या घरात निघतील त्यांनी त्यांना घराबाहेर काढावं. भाऊजी एकदम तापले. "कोणत्या ग्रंथात आहे? दाखवा! घराबाहेर काढा हे मी म्हटलं नाही, आणि धर्मानेही म्हटलं नाही." त्या वाक्याला टाळी पडली नाही. लोक चहाकडे वळले.

भाषण कोणीतरी मोबाइलवर घेतलं आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते बंगळुरूला पोहोचलं, कारण तिथे भाऊजींची एकुलती एक लेक रेवा नोकरीला होती. दोन दिवसांनी तिचा फोन आला. मी तिथेच होते, ताईसोबत लोणच्याच्या कैऱ्या चिरत. भाऊजींनी सवयीने स्पीकर लावला. रेवा म्हणाली, "बाबा, भाषण ऐकलं. छान बोलता तुम्ही. आता माझं ऐका. दीप्ती माझी रूममेट नाहीये. कधीच नव्हती. आम्ही सोबत राहतो, जसे तुम्ही आणि आई राहता." दीप्ती ही सागर शहरातली मुलगी. सहा-सात वर्षं आम्ही तिचं नाव रूममेट म्हणूनच ऐकत होतो. ताईचा हात विळीवर थांबला.  भाऊजींनी फोन बंद केला, कैऱ्यांच्या परातीकडे पाहिलं, आणि मला म्हणाले, "फोडी जाड झाल्या, कुसुम." मग आत जाऊन पडले.

त्यानंतरचे दोन महिने त्या घरात कसे गेले ते मला विचारू नका. टीव्ही बंद. पंचांग कपाटात. कीर्तनात बुवांनी अख्खा प्रसंग चुकीचा सांगितला आणि हे मान खाली घालून बसले, तेव्हा बुवांनीच येऊन विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" ताई जेवायला वाढायची, हे जेवायचे, भांडी उचलायची, बस्स. मला तर त्यांचं ओरडणं हवंसं वाटायला लागलं. भाऊजी लेकीवर रागावले असते तर मी त्यांच्याशी कडाकडा भांडले असते. पण ते घाबरलेले दिसत, आणि घाबरलेल्या माणसाशी काय भांडायचं!

श्रावण त्या वर्षी अधिक आला. धोंड्याचा महिना. आपल्याकडे या महिन्यात लेकीला आणि जावयाला लक्ष्मीनारायण मानून जेवायला बोलावतात, जावयाला अनारशांचं वाण देतात. भाऊजींना जावई नव्हता, म्हणून ते दर अधिकात वाण देवळात ठेवून यायचे. त्या वर्षी ताई, जी चाळीस वर्षांत यांच्यापुढे मोठ्याने बोलली नव्हती, ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी पोरींना बोलावून राहिली."

"पोरींना म्हणजे?"

"दोघींना. रेवाने सांगितलं आहे, दीप्ती रूममेट म्हणून येणार नाही. तसं असेल तर रेवाही येणार नाही. मग कधीच नाही."

भाऊजी उठून देवघराच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. मग म्हणाले, "येऊ दे. जेवू दे. वाणाचं मला विचारू नको."

अनारसे करायला अर्थातच मला बोलावलं. पहिलाच घाणा माझ्याकडून करपला, ते माझ्या उभ्या जन्मात झालं नव्हतं. पोरी सकाळी स्टेशनवरून आल्या. दीप्ती सावळी, ठेंगणी, चष्मेवाली. आल्याबरोबर ताईच्या पाया पडली, माझ्या पडली, भाऊजींपाशी येऊन मात्र थांबली. "नमस्ते अंकल जी." भाऊजी म्हणाले, "हाँ हाँ, बैठिए." आणि कारण नसताना देवघरात गेले. त्यात भाऊजींचे थोरले बंधू, नाना, रिछाईहून येऊन टपकले. रिछाईत त्यांचा लहानसा कारखाना, आणि घराण्यात त्यांचा शब्द मोठा. दर अधिकात ते जेवायला येतच. कोणी त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण कानावर आलं असणारच. त्यांनी दीप्तीकडे असं पाहिलं की माझा संताप नाकाच्या शेंड्यावर आला.

पानं मांडली. रेवा आणि दीप्ती शेजारी शेजारी पाटावर बसल्या. ताईने पुरणाचे धोंडे वाढले, आणि वाणाचं ताट, दिवा, अनारसे, सगळं आणून भाऊजींच्या पुढे ठेवलं.  लोक नुसतं ओवाळून ताट हातात देतात. भाऊजींकडे मात्र संकल्प सोडल्याशिवाय वाण नाही, आणि संकल्पात घेणाऱ्याचं गोत्र आणि नाव उच्चारावं लागतं. भाऊजी ताटाकडे पाहत बसले. रेवाचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, ही आता उठते, आणि ही उठली की या घरात लेक म्हणून परत येत नाही.

भाऊजींनी पळीत पाणी घेतलं. तोंड दीप्तीकडे न वळवता विचारलं, "गोत्र कौन सा है आपका?"

दीप्ती गोंधळली. "पता नहीं, अंकल जी. पापा से पूछना पड़ेगा." मग रेवाकडे पाहून म्हणाली, "पर पापा मुझसे बात नहीं करते. जब से इसका बताया है, तब से."

कोणी पानाला हात लावला नव्हता. तेव्हा नाना खाकरले आणि मोठ्या समजूतदारपणाने म्हणाले, "अरे, त्यात काय एवढं! आपलंच गोत्र लाव. पोरगीच आहे ना? लेक मानून दे वाण. दोन लेकी समज. काही वाद नाही, कोणाला बोलायला जागा नाही." ताईने सुस्कारा सोडला. मलाही, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. दोन लेकी! किती सोपं झालं असतं. फक्त रेवाने मान खाली घातली, आणि दीप्तीने तिचा हात धरला नाही, नुसता आपला हात तिच्या पाटाच्या कडेला टेकवला.

"नाही," भाऊजी म्हणाले.

"काहून नाही?"

"आपलं गोत्र लावलं तर सगोत्र होईल, नाना. सगोत्र चालत नाही."

एका गोत्रातल्या दोघांचं लग्न होत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सगोत्र कशाला चालत नाही ते भाऊजींनी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. नानांचा चेहरा लाल झाला. ते पानावरून उठले, "पाणीसुद्धा घेणार नाही या घरचं," म्हणाले आणि चपला घालून निघाले. भाऊजी एरवी थोरल्या भावामागे फाटकापर्यंत धावले असते. ते जागचे हलले नाहीत. पळीतलं पाणी सांडलं होतं, ते त्यांनी पुन्हा भरून घेतलं. "ज्याला आपलं गोत्र ठाऊक नाही, त्याचं काश्यप धरतात," ते पुटपुटले आणि संकल्प म्हणू लागले. आवाज तोच, माझ्या लग्नातला, बेसूर. काश्यप गोत्र म्हणाले, दीप्ती म्हणाले, आणि ताट तिच्या हातात दिलं. रेवा हमसून हमसून रडली. मीही रडले, आणि रडता रडता सगळ्यांना ओरडले की धोंडे गार झाले, जेवा आता.

यावरून भाऊजी बदलले असं कोणी समजू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी दोघींना तासभर समजावून सांगितलं की या लग्नाला शास्त्रात विधी नाही, आणि नाही म्हणजे नाही. दीप्ती चष्मा पुसत "जी बाबूजी, जी बाबूजी" करत होती आणि अनारसे खात होती. मंडळात लोक यांना टाळू लागले. नाना बोलेनासे झाले, ते शेवटपर्यंत. पुढे दिवाळीच्या आधी कोर्टाचा निकाल लागला, की असं लग्न मानायचं की नाही हे ठरवणं कोर्टाचं काम नव्हे, कायदे करणाऱ्यांचं आहे. मंडळातल्या एकाने मुद्दाम फोन केला, "अभिनंदन, तुमचंच म्हणणं खरं ठरलं." भाऊजींनी ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "कुसुम, मी बरोबर होतो. मग मला असं काहून होऊन राहिलं?"  मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

आणि त्याच आठवड्यात ते कोणाला न सांगता सागरला गेले. गुडघा सुजलेला, धड जिना उतरवत नव्हता, आणि हे बसने गेले. परत आल्यावर ताईने विचारलं तर म्हणे, "संकल्प अंदाजाने सोडला होता. गोत्र पक्कं करायला नको?" दीप्तीच्या वडिलांनी यांना दारात उभं करून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भारद्वाज." चहा विचारला नाही. मी भाऊजींना म्हटलं, "आणि तुमचंच गोत्र निघालं असतं तर काय केलं असतं?" तर म्हणाले, "तर मी सागरला गेलोच नाही, असं समजलो असतो." मला हसू फुटलं. पण ते हसले नाहीत. सागरला हे जिन्याकडे वळले तेव्हा दीप्तीच्या वडिलांनी मागून विचारलं होतं, "वो खाना ठीक से खाती है?" आणि दार लावून घेतलं होतं.

"पोरीला सांगू नको," भाऊजी म्हणाले. "उगीच आस लागेल."

मी कशाची ऐकते! त्यांचं मी आजवर काही ऐकलं होतं का, की हे ऐकावं? घरी जाऊन लगेच फोन लावला आणि दीप्तीला सगळं सांगितलं.  आता भाऊजी नाहीत, वर्ष होत आलं, आणि रेवापेक्षा तीच मला जास्त फोन करते. पण त्या दिवशी तिने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वडिलांबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

"मौसी जी," ती म्हणाली, "बाबूजी का तो घुटना सूजा हुआ था ना?"

"हो ना गं," मी म्हटलं. "तरी गेले."